दोघांचं विमान : केबिनमधला आराम मोजायचा कसा?

मथळा वाचून काही जण हसणार हे मला माहीत आहे. बीड शहराला रेल्वे यायला २०२५ चा सप्टेंबर उजाडला, जिल्ह्यात अजून प्रवासी विमानतळ नाही, आणि हा गडी नवरा-बायकोनं स्वतःचं छोटं विमान घ्यायचं झालं तर कोणतं घ्यावं यावर लिहितोय! पण माझी जी काय टिंगल व्हायची ती मेसमध्ये सेमिनारच्या आधीच होऊन गेली आहे. त्यामुळे आता बिनधास्त लिहितो.

माझ्या सेमिनारचा विषय होता ‘लहान विमानांच्या केबिनची अर्गोनॉमिक्स’. विषय निवडताना मलाही वाटलं होतं की आराम म्हणजे मऊ सीट, एसी आणि चैन. इंजिन, पंख, वेग हे खरं इंजिनिअरिंग आणि केबिन म्हणजे नुसती सजावट. वाचत गेलो तसं उलटंच दिसायला लागलं. लहान विमानातला आराम सेंटिमीटरमध्ये, डेसिबलमध्ये, अंशांत आणि किलोत मोजता येतो, आणि प्रत्येक आरामाची किंमत दुसऱ्या कशात तरी मोजावी लागते. शिवाय दोन तास गोंगाटात, उकाड्यात, अंग चोरून बसलेला वैमानिक उतरण्याच्या वेळेला दमलेला असतो, आणि नेमकं तेव्हाच डोकं थंड लागतं. शेजारी बसलेल्या माणसाला पहिल्याच फेरीत मळमळलं, कान दुखले, तर ते माणूस पुन्हा येत नाही. मग एवढ्या पैशाचं विमान हँगरमध्ये धूळ खात पडतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं : केबिनचा आराम ही डिझाइनची अट आहे, आणि तो मोजायचा तो दुसऱ्या सीटवरून, म्हणजे विमान न चालवणाऱ्या माणसाच्या जागेवरून.

इथे ‘लहान विमान’ म्हणजे एक पिस्टन इंजिन, एक प्रोपेलर, दोन ते चार सीट, साधारण २०० ते ३०० किमी ताशी वेग, आणि जमिनीपासून दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंतचं उड्डाण. मोठ्या विमानासारखी हवेच्या दाबाची सोय यात बहुधा नसते. आपल्या देशात खाजगी वैमानिकाचं लायसन्स वयाच्या १७ व्या वर्षापासून मिळू शकतं, आणि त्यासाठी किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. अशी विमानं बघायला परदेशी जावं लागत नाही. बारामती, धुळे, गोंदिया इथल्या प्रशिक्षण संस्थांत ती रोज उडतात. लातूरची धावपट्टी तर आपल्याला जवळच. मुंबई ते लातूर सरळ रेषेत अंदाजे ३९० किमी. सेस्ना १७२ हे विमान ताशी २२० किमीच्या आसपास जातं, म्हणजे पावणेदोन तास. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये मान मोडून आलेल्या माणसाला हा आकडा गोड वाटेलच. पण ते पावणेदोन तास कसे जातात हा खरा प्रश्न आहे.

मागे-पुढे की शेजारी-शेजारी?

दोन माणसं बसवायची तर पहिला प्रश्न हाच. एकामागे एक बसवली तर विमानाचं धड अरुंद होतं, हवेचा विरोध कमी होतो. शेजारी-शेजारी बसवली तर धड रुंद होतं, पण माणसं एकमेकांकडे बघू शकतात, नकाशा देऊ-घेऊ शकतात, बोलू शकतात.

१९२० च्या दशकात गाजलेलं जिप्सी मॉथ हे इंग्लिश विमान मागे-पुढे बसायचं आणि उघडं होतं. वैमानिक मागे, पाहुणा पुढे, दोघांच्या तोंडावर वारा, अंगात चामड्याचा कोट. बोलायचं तर रबरी नळीतून! आपले जे. आर. डी. टाटा १९३० साली आगाखान स्पर्धेत उडाले ते असल्याच विमानातून. दोनच वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ ला, त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूवर टपाल आणलं ते पस मॉथमधून. या विमानाची केबिन बंद होती. साध्या कपड्यांत बसावं, वाऱ्याचा मारा नाही. दोन वर्षांत एकाच वैमानिकाच्या बाबतीत केवढा फरक बघा.

त्याच कंपनीनं पुढे १९३४ साली हॉर्नेट मॉथ उडवलं. त्यात दोन माणसं बंद केबिनमध्ये शेजारी-शेजारी बसत. खाजगी मालकाला विमान चालवण्याइतकीच सोबत महत्त्वाची वाटते, हे तेव्हाच लक्षात आलं होतं. आज दोघांसाठी विकली जाणारी बरीचशी विमानं शेजारी-शेजारी बसायचीच आहेत.

एक मीटरचा संसार

आता टेप काढा. सेस्ना १७२ ची केबिन साधारण ४० इंच रुंद, म्हणजे एक मीटर. तिचं धाकटं भावंड सेस्ना १५२ याहून थोडं अरुंद. पायपर चेरोकीच्या घराण्यातली विमानं ४१-४२ इंच. गोंदियाच्या संस्थेत असलेलं डायमंड डीए-४० सुमारे ४५ इंच, आणि सिरस एसआर-२२ ४९ इंच.

४० आणि ४९ मध्ये असा काय मोठा फरक, असं वाटेल. तर हिशोब करू. मध्यम बांध्याच्या पुरुषाचे खांदे साधारण ४५ सेंमी धरा. दोन माणसांचे ९० झाले. एक मीटरच्या केबिनमध्ये उरले १० सेंमी. त्यात डावीकडचं दार, उजवीकडचं दार आणि मधली फट, म्हणजे प्रत्येकी तीन-साडेतीन सेंमी. सिरसमध्ये उरतात ३४ सेंमी. म्हणजे खांद्याच्या हिशोबानं नऊ इंचांनी मोकळी जागा तिपटीहून जास्त झाली. एकूण रुंदीपेक्षा उरलेली रुंदी बघायची असते, हे मला या विषयानं पहिल्यांदा शिकवलं.

माझा एक मावसभाऊ वैमानिकाचं प्रशिक्षण घेतो. त्याच्या ओळखीनं मला आणि माझ्या रूमपार्टनरला उभ्या असलेल्या १७२ मध्ये बसायला मिळालं. आम्ही दोघंही काही पैलवान नाही. तरी दारं लावल्यावर खांद्याला खांदा लागला, आणि मी डावा हात हलवला की कोपर दाराला. पाच मिनिटं मजा वाटली. पंधराव्या मिनिटाला रूमपार्टनर म्हणाला, “भाऊ, तू श्वास घेतला की मला कळतंय.”

तुम्हाला हा अनुभव होस्टेलमध्येच घेता येईल. लोखंडी कपाट भिंतीपासून एक मीटरवर ओढा, मध्ये दोन खुर्च्या लावा, आणि मित्राबरोबर दीड तास अभ्यास करा. उठायचं नाही, पाय पसरायचे नाहीत. दीड तासानंतरही मैत्री टिकली तर १७२ तुमच्यासाठी ठीक आहे.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे व्हॉयेजर. डिसेंबर १९८६ मध्ये डिक रुटान आणि जीना येगर या दोघांनी या विमानातून कुठेही न उतरता, वाटेत इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा केली. नऊ दिवस! केबिन जेमतेम दोन फूट रुंद. एकानं चालवायचं आणि दुसऱ्यानं बाजूला आडवं व्हायचं. इंधनासाठी सगळं वजन राखलं होतं, त्यामुळे माणसांच्या वाट्याला जागा उरली नव्हती. विक्रम झाला, पण असं विमान कुणी संसाराला घेणार नाही.

सीटबद्दल एक गोष्ट. शोरूममध्ये दहा मिनिटं बसून मऊ सीट आवडते. दोन तासांनी मात्र मांड्यांना आणि कमरेला नीट आधार देणारी, थोडी कडक सीटच बरी वाटते. एसटीच्या नव्या आणि जुन्या सीटवर बसलेल्यांना हे सांगायला नको. डीए-४० मध्ये तर सीट मागे-पुढे सरकतच नाही, पायाचे पेडल सरकतात. म्हणजे नवरा सहा फुटी आणि बायको पाच फुटी असेल, तर दोघांनीही बसून, समोरचं दिसतंय का, पाय पोचतात का, हे बघितल्याशिवाय सौदा करायचा नाही. जिला बाहेरचं दिसत नाही तिला मळमळ लवकर होते. त्याचं कारण पुढे येईल.

ऐंशी हर्ट्झचा शेजारी

लहान विमानाच्या केबिनमध्ये गोंगाट साधारण ८५ ते ९५ डेसिबल असतो. कामाच्या जागी आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही मर्यादा अमेरिकेची ‘नायॉश’ संस्था सुचवते, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करायला सांगते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. म्हणजे उघड्या कानानं ९४ डेसिबलमध्ये मुंबई-लातूर केलं तर अर्ध्या वाटेतच दिवसाचा कोटा संपला.

हा आवाज येतो कुठून? चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला २४०० फेरे फिरतंय असं धरा. प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट. मिनिटाला ४८००, सेकंदाला ८०. प्रोपेलर इंजिनला थेट जोडलेला, दोन पात्यांचा. प्रत्येक फेऱ्यात दोन पाती समोरून जाणार, म्हणजे परत सेकंदाला ८०. दोन्ही मारे एकाच कंपनसंख्येवर, ८० हर्ट्झवर. तो घुमणारा आवाज कानाइतकाच छातीत जाणवतो.

कानावर जाड कप लावून सगळा आवाज सारखा अडत नाही. तीव्र, चिरका आवाज चांगला अडतो, पण खालच्या पट्टीतला घुमणारा आवाज बराचसा आत शिरतो. यावर उपाय शोधला अमर बोस यांनी. त्यांचे वडील बंगालचे. १९७८ साली झुरिकहून निघालेल्या विमानात बसल्या-बसल्या त्यांना सुचलं की बाहेरून येणाऱ्या लहरीच्या बरोबर उलटी लहर कानात सोडली तर दोन्ही एकमेकींना खोडतील. व्हॉयेजरच्या त्या दोघांनी १९८६ मध्ये असेच प्रायोगिक हेडसेट वापरले, आणि १९८९ मध्ये असा हेडसेट वैमानिकांना बाजारात मिळू लागला. आपण फिजिक्समध्ये ‘डिस्ट्रक्टिव्ह इंटरफिअरन्स’ पाच मार्कांसाठी पाठ करतो, ते हेच.

इथे पुन्हा दुसऱ्या सीटचा प्रश्न. पुष्कळदा चांगला, महागडा हेडसेट चालवणाऱ्याच्या डोक्यावर आणि जुना, गच्च दाबणारा हेडसेट शेजारणीच्या डोक्यावर असतो. दोन्ही हेडसेट सारखे घेणं हा सगळ्यात स्वस्त आराम आहे, कारण त्याला वजन नाही आणि विमान बदलावं लागत नाही.

मे महिन्यातली दुपार

आपल्याकडे खरी परीक्षा उन्हाची. वर काच, खाली तापलेली धावपट्टी, आणि बहुतेक लहान विमानांत एसी नाही.

पंख वर असलेलं विमान (सेस्ना) स्वतःची सावली स्वतः घेऊन फिरतं. पावसात चढता-उतरताना छत्रीही होते. खाली पंख आणि डोक्यावर मोठी काच असलेल्या विमानातून आभाळ सुंदर दिसतं, पण मेमध्ये जमिनीवर उभं असताना ती काच म्हणजे सोलर कुकर. फायबरची विमानं बहुतेक पांढरी का, तर राळ तापून नरम पडू नये म्हणून.

वर गेल्यावर मात्र दिलासा. दर हजार फुटांना तापमान साधारण २ अंशांनी उतरतं. पाच हजार फूट चढलं की दहा अंश कमी. म्हणजे उकाड्याचा त्रास मुख्यतः जमिनीवरच्या दहा-पंधरा मिनिटांचा.

पण उन्हाचा खरा मार घामापेक्षा वेगळा आहे. गरम हवा विरळ असते. बीडची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ५१५ मीटर, म्हणजे १७०० फूट. या उंचीवर प्रमाण तापमान साडेअकरा अंशांच्या आसपास धरतात. मेमध्ये पारा ४२ वर गेला तर फरक ३० अंशांचा. दर अंशाला सुमारे १२० फूट धरले तर ३६०० फूट वाढले. १७०० अधिक ३६००, बेरीज ५३००. म्हणजे बीडला मेच्या दुपारी उभ्या विमानाला वाटतं की आपण ५३०० फुटांवर, जवळपास कळसूबाईच्या माथ्यावर उभे आहोत! याला ‘डेन्सिटी अल्टिट्यूड’ म्हणतात. हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानानं सुमारे १५ टक्के कमी. इंजिनला हवा कमी, प्रोपेलरला पकड कमी, पंखाला आधार कमी. धावपट्टी जास्त लागते, चढण मंद होते.

अशा वेळी एसी बसवला तर काय होतं? यंत्र २५ किलोचं धरू. पेट्रोलच्या भाषेत ते झाले ३५ लिटर, म्हणजे १७२ चं जवळपास एक तासाचं इंधन. शिवाय पंपासाठी इंजिनची ताकद खर्च होते ती वेगळी, आणि तीही नेमकी ताकद कमी असताना. म्हणून शहाणी माणसं एसीऐवजी घड्याळ वापरतात. पहाटे उडायचं, दहाच्या आत उतरायचं. आपले आजोबा बैलगाडी जुंपायचे त्याच वेळेला!

चार सीटचं खरं गणित

सेस्ना १७२ चार सीटचं विमान आहे असं कागदावर लिहिलेलं असतं. आता एस मॉडेलचे आकडे बघा. उड्डाणाचं कमाल वजन ११५७ किलो. रिकामं वजन सुमारे ७५५. उरले ४००. टाकी भरली तर २०० लिटर, म्हणजे १४४ किलो. उरले २५६. त्यात ७५ किलोची चार माणसं बसवली तर ३०० किलो. बसतच नाहीत! मग ४४ किलो, म्हणजे ६० लिटर इंधन कमी भरायचं आणि दीड तासाचा पल्ला सोडायचा. बॅगा घरीच.

आता नवरा-बायको दोघंच बसवा, मिळून १४० किलो. उरतात ११६ किलो. सामानाच्या जागेची मर्यादा ५४ किलो, तीही भागते, आणि मागच्या सीटवर डबा, पाण्याचे कॅन, जादा कोट. सांगायचं काय, तर चार सीटचं विमान हे खऱ्या अर्थानं दोन माणसांचं आरामाचं विमान आहे. दोन सीटचं सेस्ना १५२ दोघांना नेतं, पण ७५७ किलोच्या कमाल वजनात बॅग उचलताना काटा बघावा लागतो.

मूळचे केरळचे, इंग्लंडमध्ये राहणारे इंजिनिअर अशोक थामरक्षण यांची गोष्ट इथे लागू पडते. दोन सीटची विमानं भाड्यानं मिळत होती, पण बायको आणि दोन मुलींसह जायचं तर ती पुरेनात. म्हणून त्यांनी लॉकडाऊनच्या काळात स्लिंग टीएसआय या चार सीटच्या विमानाचे सुटे भाग आणून ते घरी जोडलं, आणि २०२२ मध्ये ते बातम्यांत आलं. विमानाला नाव मुलीचं, दिया. आणि आपल्या महाराष्ट्रात कॅप्टन अमोल यादव यांनी तर कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं. ते २०१६ मध्ये मुंबईच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली, आणि २०२० मध्ये धुळ्याला त्याच्या उड्डाण चाचण्या झाल्या. परवानग्यांसाठी त्यांनी वर्षानुवर्षं चकरा मारल्या. किती माणसं न्यायची हे ठरवल्यावरच बाकीचं विमान ठरतं, हे या दोघांच्या कामावरून दिसतं.

धक्के आणि मळमळ

बालाघाटच्या डोंगरांवर दुपारी हवा उकळत्या पाण्यासारखी वर-खाली होते. तिच्यातून जाताना विमान उसळतं. किती उसळेल हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं : वेग, आणि पंखाच्या दर चौरस मीटरवर किती वजन आहे यावर. या दुसऱ्याला ‘विंग लोडिंग’ म्हणतात. पूर्ण वजनाला १५२ चं ५१, १७२ चं ७१, आणि एसआर-२२ चं सुमारे १२१ किलो. समान वेगाला सिरसमध्ये धक्का १७२ पेक्षा सुमारे ४० टक्के कमी बसेल. पण सिरस धावतं दीडपट वेगानं, त्यामुळे प्रत्यक्षात फरक १०-१२ टक्क्यांवर येतो! वेग कमी केला की धक्का कमी. खड्ड्यांच्या रस्त्यावर मोटारसायकल चालवणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

जास्त विंग लोडिंगची किंमतही आहे. पूर्ण फ्लॅप लावून १७२ साधारण ४८ नॉटला (८९ किमी ताशी) पंखाचा आधार सोडतं, तर एसआर-२२ साधारण ६० नॉटला (१११ किमी). उतरण्याचा वेग त्या प्रमाणात वाढतो. वेगाचा वर्ग घेतला तर धावपट्टीवर जिरवायची ऊर्जा दर किलोमागे दीडपटीहून जास्त. वर कमी धक्के हवे असतील तर खाली लांब धावपट्टी आणि जास्त सराव हवा. फुकट काही नाही.

आता मळमळ. मांजरसुंब्याच्या घाटात एसटीत कोणाला उलटी होते? ड्रायव्हरला कधीच नाही. पुढचं वळण त्याला आधी दिसतं, शरीर तयार असतं. शेजारच्या माणसाला वळण कळतं ते पोटात कळतं. विमानात हेच होतं. म्हणून चालवणाऱ्याला ‘काही विशेष नव्हतं’ वाटणारा प्रवास शेजारच्या सीटवर भयंकर झालेला असू शकतो. उपाय साधे आहेत. शेजारणीला क्षितिज दिसेल इतकं उंच बसवा, थंड हवेचं भोक तिच्या तोंडाकडे वळवा, वळण घेण्याआधी सांगा, आणि शक्य असेल तर थोडा वेळ कंट्रोल तिच्या हातात द्या.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. या विमानांत संडास-बाथरूम नसतं. टाकीत पाच तासांचं इंधन असलं तरी माणसाचा पल्ला दोन-अडीच तासांचाच असतो. नकाशावर थांबे आखताना दोघांपैकी ज्याचा पल्ला कमी त्याचा आकडा धरायचा. लाजून गप्प बसणाऱ्याचा धरायचा, हे जास्त बरोबर.

गरम हवा आणि न दिसणारा धूर

डिसेंबरात अंबाजोगाईची पहाट कशी असते हे होस्टेलवाल्यांना माहीत आहे. त्यावर दोन किलोमीटर चढलं की तापमान शून्याच्या आसपास जाऊ शकतं. केबिन गरम करायची पद्धत बहुतेक लहान विमानांत एकच : इंजिनच्या तापलेल्या सायलेन्सरभोवती पत्र्याचं वेष्टण, त्यामधून बाहेरची हवा फिरवायची आणि ती गरम हवा आत सोडायची. सोपं, हलकं, फुकटची उष्णता. पण सायलेन्सरला बारीक तडा गेला तर त्या हवेत कार्बन मोनॉक्साइड मिसळतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं जड होतं, झोप येते, आणि ‘छान ऊब आली’ असं वाटता-वाटता शुद्ध जाते.

२१ जानेवारी २०१९ च्या रात्री फुटबॉलपटू एमिलियानो साला यांना घेऊन जाणारं पायपर मालिबू विमान इंग्लिश खाडीत कोसळलं. साला आणि वैमानिक दोघंही गेले. तपासात साला यांच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण अतिशय जास्त आढळलं, आणि वैमानिकालाही त्याची बाधा झाली असावी असा निष्कर्ष निघाला. आराम आणि जीव यांच्यात किती पातळ पत्रा असतो ते इथे दिसतं. म्हणून केबिन बघताना उबेची चौकशी करायची ती सायलेन्सरची तपासणी कधी झाली या प्रश्नानं, आणि आवाज करणारा कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर पहिल्याच दिवशी बसवायचा.

पायरी, पदर आणि दार

सेस्नाला दोन्ही बाजूंना दारं आहेत. पायपर चेरोकीला एकच, उजव्या बाजूला, पंखावर चढून जायचं. म्हणजे चालवणारा आधी आत सरकणार, मग दुसऱ्यानं बसायचं, आणि दार लावायची जबाबदारी दुसऱ्याची. उतरताना आधी दुसऱ्यानं उतरायचं. गुडघे दुखत असतील, साडी असेल, पाऊस असेल, तर त्या पंखावरची चढण हा रोजचा त्रास ठरतो. अडचणीच्या वेळी तर दार उघडणं हे पूर्णपणे शेजारच्या माणसाच्या हातात. ते त्याला शिकवलंय का?

आपल्या मोटारसायकलींना मागे हाताला पकड, पाय ठेवायला जागा आणि अर्धं चाक झाकणारी जाळी असते. ती कंपनीच्या मनात आलं म्हणून नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२३ वा नियम ते सक्तीचं करतो. मागे बसणाऱ्या बाईचा पदर चाकात जाऊन काय होतं हे आपल्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. मागचं माणूसही डिझाइनमध्ये मोजायचं असतं, हे त्या एका नियमात लिहिलेलं आहे.

विमानात याच विचाराचं उदाहरण म्हणजे सिरसचं पॅराशूट. १९९८ मध्ये एसआर-२० ला मान्यता मिळाली ती अख्ख्या विमानासाठीच्या पॅराशूटसह. त्याची मूठ छताला, दोघांच्या हाताशी असते. चालवणाऱ्याला काही झालं तर विमान चालवता न येणारं माणूसही ती ओढू शकतं. शेजारी बसलेल्याच्या मनाची शांती हाही आरामाचाच भाग आहे. फक्त त्याला एकक नाही.

मग कोणतं घ्यावं?

एकच नाव सांगणार नाही, कारण उत्तर माणसांवर आहे. शरीरानं बारीक, जवळचे पल्ले, लहान धावपट्ट्या, उन्हाचा मुलूख, तर पंख वर असलेलं १७२ सारखं विमान. अंगानं मोठे, लांबचे पल्ले, खांदा मोकळा हवा, आणि पैसा व सराव दोन्ही आहे, तर रुंद केबिनचं. पण ठरवायची पद्धत मात्र सगळ्यांना एकच लागू आहे.

१. दोघांनी मिळून, बॅगांसह काट्यावर उभं राहा. खोटं वजन सांगू नका. विमान फसत नाही.

२. चालवणाऱ्यानं आधी दुसऱ्या सीटवर बसावं. खांदा, गुडघा, डोकं, समोरचं दिसणं, दार उघडणं, सगळं तिथून तपासावं.

३. पंधरा मिनिटांच्या चकरीवर निर्णय घेऊ नये. किमान दीड तास उडावं, आणि त्यातला थोडा भाग दुपारचा असावा.

४. दोन्ही हेडसेट सारखे घ्यावेत.

५. उतरल्यावर आधी दुसऱ्या सीटवरच्या माणसाला विचारावं, आणि ते बोलत असताना मध्ये बोलू नये.

पाचवा मुद्दा सगळ्यात अवघड. आपल्या घरांमध्ये गाडी कोण पसंत करतं? बाप, भाऊ, काका. ॲव्हरेज किती, पिकअप कसा, सगळी चर्चा होते. जिला मागे एका बाजूला बसून, मांडीवर पोर घेऊन केज-अंबाजोगाई करायचं असतं, तिला ट्रायलला कुणी नेत नाही. विमान आपल्यातल्या एखाद्यालाच, तेही पुढे कधीतरी घ्यायला मिळेल. पण पंप, ट्रॅक्टर, ऑटोरिक्षा, रुग्णवाहिका, शाळेची बस यांचं डिझाइन आपल्यापैकी अनेकांच्या हातून होणार आहे. तेव्हा ड्रॉइंगवर चालवणाऱ्याची सीट काढून झाली की पेन्सिल खाली ठेवू नका. शेजारची सीट काढा, तिच्यावर एक माणूस बसवा, आणि त्याचीही मापं लिहा.